मांजर आणि पांढरी लिली

विषपरीक्षा ही फार जुनी विद्या आहे. राजाच्या अन्नाची परीक्षा कशी करावी, हें सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत विस्तारानें सांगितलें आहे. अन्नाचा अंश अग्नींत टाकून ज्वाळेचा रंग व धूर पाहावा, पक्ष्यांना घास घालावा आणि त्यांच्या डोळ्यांत व स्वरांत कांहीं पालट होतो कीं काय तें निरखावें, असा त्या परीक्षेचा क्रम आहे. तात्पर्य, आपल्या ताटांत विष आहे कीं नाहीं हें ठरविण्याचें काम मनुष्यानें प्राचीन काळींच पशुपक्ष्यांवर सोपविलें. उलटपक्षीं, पशुपक्ष्यांच्या तोंडांत काय जातें व त्याचा परिणाम काय होतो, याची चौकशी करण्याची बुद्धि त्याला फार उशिरां झाली. मनुष्याच्या घरांत जो प्राणी सर्वांत मोकळेपणानें वावरतो, त्या मांजराच्या बाबतींत तर ही चौकशी विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत लांबली. तोंपर्यंत एक पांढरें, सुगंधी आणि पवित्र मानलेलें फूल दर वसंतऋतूंत घरोघर नेलें जात होतें, त्याच्यापायीं मांजरें मरत होतीं, आणि तीं कशानें मरतात हें कोणालाहि उमगत नव्हतें. या अज्ञानाचा, आणि तें दूर कसें झालें याचा, इतिहास लहानसा असला तरी बोधप्रद आहे.

मांजर मनुष्याच्या घरीं आलें तें शोभेची वस्तु म्हणून नव्हे, तर कोठाराचा राखणदार म्हणून. पश्चिम आशियांत मनुष्य शेती करूं लागला व धान्य सांठवूं लागला. धान्यामागून उंदीर आले आणि उंदरांमागून रानमांजर आलें. सायप्रस बेटांत सुमारें साडेनऊ हजार वर्षांपूर्वींचें एक दफन उत्खननांत सांपडलें व त्याची हकीकत २००४ सालीं प्रसिद्ध झाली. मनुष्याच्या सांगाड्यापासून हातभर अंतरावर एका मांजराचा सांगाडा तेथें जपून पुरलेला होता. सायप्रसमध्यें मूळचीं रानमांजरें नव्हतीं. अर्थात् हें मांजर किंवा त्याचे पूर्वज कोणीतरी नावेंत घालून समुद्रापार नेले असले पाहिजेत. मनुष्याचा आणि मांजराचा स्नेह इतका जुना आहे.

परंतु या दीर्घ सहवासांत मांजराचें राहणें अर्धें घरांतलें व अर्धें बाहेरचें असेंच होतें. दिवसा तें चुलीच्या उबेला निजे आणि रात्रीं परसांत, कौलांवर, गोठ्यांत फिरे. मांजर जातीनें मांसाहारी असलें तरी अधूनमधून गवताचीं पातीं चावतें, ही गोष्ट तें पाळणाऱ्या कोणत्याहि गृहिणीला ठाऊक असते. बाहेर मोकळें असतां त्याला हवें तें गवत मिळत असे व नको त्या झुडुपाच्या वाटेला जाण्याचें त्याला कारण पडत नसे. शिवाय एखादें मांजर परसाबाहेर कोठें मरून पडलें, तर तें कशानें मेलें याची विचारपूस कोण करणार? मांजर गेलें, दुसरें आलें, एवढ्यावर गोष्ट संपत असे.

मांजर आणि विषारी झाड एका खोलींत कोंडलीं जाण्यापूर्वीं तीन गोष्टी घडून येणें अवश्य होतें. झाडें घरांत यावयास हवीं होतीं, त्या झाडांत नेमकें तें झाड यावयास हवें होतें, आणि मांजराचें बाहेर जाणें बंद व्हावयास हवें होतें. या तिन्ही गोष्टी सुमारें सव्वाशें वर्षांच्या अवधींत घडून आल्या.

पहिली गोष्ट लंडन शहरांत घडली. शहराच्या पूर्व भागांत, गोद्यांच्या आसपास, नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड नांवाचा एक डॉक्टर राहत असे. त्याला नेचे लावण्याचा छंद होता. पण कोळशाच्या धुरानें भरलेल्या त्या हवेंत त्याचे नेचे जगत नसत. १८२९ सालीं त्यानें पतंगाचा एक कोश ओलसर मातींत ठेवून ती माती एका झांकणाच्या कांचेच्या बरणींत घातली. पतंगाचें काय होतें तें पाहावें, एवढाच त्याचा हेतु होता. कांहीं दिवसांनीं त्या मातींतून एक नेचा आणि एक गवताचें रोप आपोआप उगवलेलें त्याला दिसलें. बरणींतल्या ओलाव्याची वाफ होई, ती कांचेवर थिजे आणि पुन्हां मातींत उतरे. धूर मात्र आंत शिरत नसे. बाहेर जें जगलें नाहीं तें बंद कांचेंत वर्षानुवर्षें जगलें. या अनुभवावरून वॉर्डनें कांचेच्या पेट्या तयार करविल्या. १८३३ सालीं अशा दोन पेट्या जहाजावरून ऑस्ट्रेलियांतील सिडनी बंदरास रवाना झाल्या आणि आंतलीं रोपें तेथें सुखरूप पोंचलीं. १८४२ सालीं वॉर्डनें या विषयावर एक ग्रंथहि लिहिला.

वॉर्डच्या या पेटीनें जगाच्या व्यापारांत जी उलथापालथ केली तिच्याशीं हिंदुस्थानचाहि संबंध आहे. चीनमधील चहाचीं रोपें रॉबर्ट फॉर्च्यून यानें १८४८ ते १८५१ या काळांत हिमालयाच्या पायथ्याशीं असलेल्या मळ्यांत आणलीं, तीं याच पेट्यांतून. परंतु पेटीचा दुसरा परिणाम अधिक शांतपणें झाला. उष्ण कटिबंधांतील जीं झाडें पूर्वीं बोटीवरच्या खाऱ्या वाऱ्यानें मरून जात, तीं आतां जिवंत युरोपांत पोंचूं लागलीं. १८४५ सालीं इंग्लंडांत कांचेवरील कर उठला. कांच स्वस्त झाली, खिडक्या मोठ्या झाल्या, आणि मध्यम स्थितींतील कुटुंबाच्या दिवाणखान्यांतहि कुंड्यांची रांग दिसूं लागली. झाड हें अंगणांतून उचलून खोलींत आणण्याची रीति अशी रूढ झाली. त्याच सुमारास मांजराचीहि प्रतिष्ठा वाढत होती. १८७१ सालीं हॅरिसन वीअर या चित्रकारानें लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांजरांचें मोठें प्रदर्शन भरविलें. कोठाराचा राखणदार दिवाणखान्यांतल्या गादीवर येऊन बसला.

दुसरी गोष्ट लिलीची. लिलीच्या अनेक जाति आहेत. पण या कथेची नायिका मूळची जपानच्या दक्षिणेकडील ऱ्यूक्यू बेटांतली आणि तैवानांतली आहे. तिचें फूल लांबट कर्ण्यासारखें व शुभ्र असतें. कार्ल पेटर थुनबर्ग हा स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ डच व्यापाऱ्यांच्या नोकरींत जपानला गेला होता. त्यानें १७९४ सालीं या लिलीचें शास्त्रीय वर्णन व नामकरण केलें. एकोणिसाव्या शतकांत तिचे कंद बर्म्युडा बेटांत पोंचले. तेथील हवा त्यांना मानवली आणि तेथून अमेरिकेला त्यांची निर्यात सुरू झाली. ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा जो ईस्टर सण, त्या सणाला देवळांत आणि घरांत हें फूल मांडण्याची चाल अमेरिकेंत पडली, आणि लोक त्याला ईस्टर लिली म्हणूं लागले. काळ्या मातींत पुरलेल्या कंदांतून शुभ्र फूल वर येतें, हें दृश्य पुनर्जन्माच्या कल्पनेला फार साजेसें होतें.

पुढें बर्म्युडांतील पिकावर रोग पडला व हा व्यापार जपानकडे गेला. १९१९ सालीं लुई हॉटन नांवाच्या, पहिल्या महायुद्धांतून परतलेल्या सैनिकानें एक पेटीभर कंद ऑरेगॉनच्या दक्षिण किनाऱ्यावर आणून आपल्या मित्रांना वांटले. त्या वेळीं तो केवळ हौसेचा भाग होता. परंतु १९४१ च्या डिसेंबरांत जपानशीं युद्ध जुंपलें आणि जपानी कंद यावयाचे एकाएकीं थांबले. हौशी लोकांच्या वाफ्यांतील कंदांना इतका भाव आला कीं, लोक त्यांना ‘पांढरें सोनें’ म्हणूं लागले. १९४५ पर्यंत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सुमारें १२०० लोक हे कंद पिकवूं लागले होते. कालांतरानें त्यांतले बहुतेक गळाले आणि हा धंदा कॅलिफोर्निया व ऑरेगॉन यांच्या सीमेवरील एका अरुंद पट्ट्यांत मोजक्या शेतांवर येऊन स्थिरावला. तेथून हे कंद देशभरच्या कांचगृहांत जातात आणि ईस्टरच्या आठवड्याला फुलतील अशा बेतानें वाढविले जातात. सण आटोपला कीं चकचकीत कागदांत गुंडाळलेली ती कुंडी घरीं येते व जेवणाच्या टेबलावर अगर खिडकीच्या कट्ट्यावर विराजमान होते.

तिसरी गोष्ट दिसावयास अगदीं क्षुल्लक आहे, परंतु मांजराच्या आयुष्यांत तिनें क्रांति केली. मांजर घरांत कोंडून ठेवावयाचें तर त्याच्या विधीची सोय करणें भाग पडे. त्यासाठीं लोक राख, वाळू अगर लांकडाचा भुसा वापरीत. पण दुर्गंधीमुळें हा उपाय फार काळ चालत नसे. अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत एडवर्ड लो नांवाचा तरुण आपल्या वडिलांच्या धंद्यांत, कारखान्यांतील सांडलेलें तेल शोषून घेणारी भाजकी माती विकीत असे. १९४७ सालीं त्यानें ती माती एका शेजारणीला मांजरासाठीं दिली. तिला ती इतकी पसंत पडली कीं, लो यानें पांच पौंडांच्या पिशव्या भरून त्या प्रत्येकीं ६५ सेंटांस विकावयास काढल्या. या मातीनें दार बंद करण्याची सोय झाली. शहरांतील मोटारी, रोगराई आणि कुत्रीं यांपासून मांजराला वांचविण्यासाठीं त्याच्या मालकांनीं तें दार प्रेमानेंच बंद केलें. मांजराचें आयुष्य त्यानें वाढलें, यांत संशय नाहीं. परंतु चावण्यासाठीं गवताचें पातें शोधणाऱ्या मांजरापुढें आतां सारें रान उरलें नाहीं. कुंडींत जें हिरवें दिसेल तेवढेंच उरलें.

अशा रीतीनें घर, फूल व मांजर हीं तिन्ही एकत्र आलीं. पुढें जें घडे तें थोडक्यांत असें. मांजर लिलीचें एखादें पान कुरतडी, किंवा फुलाखालून जातांना अंगावर पडलेले पिवळे परागकण स्वभावानुसार चाटून काढी. कांहीं तासांत त्याला वांत्या होत, लाळ गळे व अन्नावरची वासना उडे. मालक घाबरे. पण बहुधा तो दिवस संपण्यापूर्वींच वांत्या थांबत, मांजर शांत होऊन बसे आणि घरच्यांना वाटे कीं संकट टळलें. तो शांत दिवस हाच या विषाचा मोठा कावा होय. त्याच वेळीं मूत्रपिंडांतील सूक्ष्म नलिकांच्या पेशी मरत असतात. एक ते तीन दिवसांच्या आंत मूत्रपिंडें काम करीनाशीं होतात, लघवी आधीं वाढते व मग बंद पडते, आणि उपचार न झाल्यास तीन ते सात दिवसांत मांजर दगावतें. पशुवैद्यापुढें तें आणलें जाई तेव्हां त्याला दिसे तें केवळ मूत्रपिंडांचें अपयश. हा विकार मांजरांत मुळींच दुर्मिळ नाहीं. त्याचीं कारणेंहि अनेक. दोनतीन दिवसांपूर्वीं कुरतडलेल्या पानाची आठवण कोणाला होणार आणि कां व्हावी?

हें कारण इतकीं वर्षें दृष्टीआड राहिलें याचें मर्म विषारी वनस्पतींच्या याद्या ज्या पद्धतीनें केल्या जात तींत आहे. त्या याद्या मनुष्यासाठीं होत्या, विशेषतः लहान मुलांसाठीं; आणि जनावरांचा विचार झाला तर तो दूध देणाऱ्या व नांगर ओढणाऱ्या जनावरांचा होई. लिली मनुष्याला बाधत नाहीं. इतकेंच नव्हे, तर लिलीच्या कित्येक जातींचे कंद चीन व जपान या देशांत भाजी म्हणून आवडीनें खाल्ले जातात. कुत्र्यानें लिली खाल्ली तर त्याचें पोट बिघडतें, मूत्रपिंडें शाबूत राहतात. प्रयोगशाळेंतील उंदीर व ससे यांनाहि तिनें तशी इजा होत नाहीं. म्हणजे ज्या ज्या प्राण्यांना साक्षीला बोलावण्याची शास्त्रज्ञांना संवय होती, त्या सर्वांनीं लिली निर्दोष असल्याची साक्ष दिली असती. ज्याला ती मारीत होती त्या एकट्यालाच कोणी विचारलें नव्हतें.

या उलट पॉइन्सेटियाचें उदाहरण लक्षांत घेण्यासारखें आहे. नाताळच्या सुमारास ज्याचीं तांबडीं पानें बहरतात तें हें मेक्सिकोचें झाड. हवाई बेटांत १९१९ सालीं एक मूल त्याचें पान खाऊन दगावलें, अशी वदंता पसरली आणि पुढें अनेक दशकें पॉइन्सेटिया हें प्राणघातक झाड म्हणून बदनाम झालें. वस्तुतः त्याच्या चिकानें तोंडाला व पोटाला थोडी जळजळ होते, यापलीकडे त्याचा फारसा उपद्रव नाहीं. मांजरें पाळणारीं सुशिक्षित कुटुंबें नाताळांत पॉइन्सेटिया घराबाहेर ठेवीत आणि ईस्टरला लिली हौसेनें घरांत आणीत. निरपराधी झाडावर आळ आला आणि अपराधी झाड देवघरांत बसलें.

हें कोडें ज्या साधनानें उलगडलें तें सूक्ष्मदर्शक यंत्र नव्हे, दूरध्वनि होय. १९७८ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत, विल्यम बक या पशुविषवैद्यकाच्या प्राध्यापकाच्या पुढाकारानें, प्राण्यांच्या विषबाधेसंबंधीं सल्ला देणारें एक दूरध्वनि-केंद्र सुरू झालें. कोणत्याहि गांवच्या पशुवैद्यानें अगर प्राण्याच्या मालकानें दूरध्वनि करावा, काय खाल्लें व काय लक्षणें दिसतात तें सांगावें, आणि केंद्रानें सल्ला देऊन त्या प्रसंगाची नोंद ठेवावी, अशी योजना होती. एका गांवच्या पशुवैद्याला वर्षाकांठीं असें एखादें मांजर दिसे व तो तें विसरून जाई. परंतु निरनिराळ्या गांवचीं हीं एकएकटीं मांजरें जेव्हां एकाच वहींत लिहिलीं जाऊं लागलीं, तेव्हां त्यांतून अर्थ दिसूं लागला. मांजर, ईस्टर लिली, वांत्या, मूत्रपिंडें, मृत्यु. नोंदी वेगळ्या, माणसें वेगळीं, पण क्रम तोच. १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत या विषबाधेचे वृत्तांत पशुवैद्यकाच्या वाङ्मयांत प्रसिद्ध झाले. पुढें ध्यानांत आलें कीं, दोष एकट्या ईस्टर लिलीचा नाहीं. लिली या प्रजातींतील इतर फुलें आणि एकच दिवस फुलणारी म्हणून ‘डे लिली’ म्हटली जाणारी निराळ्या प्रजातींतील फुलें, हीं सर्व मांजराला तितकींच घातक आहेत. १९९६ सालीं हें केंद्र प्राणिदयेचें कार्य करणाऱ्या एका जुन्या अमेरिकन संस्थेकडे गेलें व तें कार्य पुढें चालू राहिलें.

२००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत या विषाचा अधिक बारकाईनें शोध घेतला गेला. पाण्यांत विरघळणारा अंश हाच घातक असून फुलांत त्याचा जोर अधिक असतो, आणि मूत्रपिंडांखेरीज स्वादुपिंडालाहि त्यानें इजा पोंचते, असें त्यांत आढळून आलें. ज्या फुलदाणींत लिली ठेवली तिचें पाणी मांजरानें पिणें हेंहि धोक्याचें कां, याचा उलगडा त्यावरून होतो. तथापि, त्या विषद्रव्याची निर्विवाद ओळख शास्त्राला अद्याप पटलेली नाहीं. मांजरच त्याला कां बळी पडतें, हा प्रश्नहि खुला आहे. मांजराच्या शरीराचें एक वैगुण्य मात्र निश्चित आहे. हजारों पिढ्या केवळ मांसावर जगल्यामुळें, वनस्पतींतील व औषधांतील कित्येक द्रव्यें निकामी करून बाहेर टाकण्याची जी सोय इतर प्राण्यांच्या यकृतांत असते, तिचा एक भाग मांजराच्या यकृतांत लोपला आहे. मनुष्य सहज घेतो ती पॅरासिटॅमॉलची गोळी मांजराला याच कारणानें प्राणघातक ठरते. लिलीचें विष याच वाटेनें काम करतें असें सिद्ध झालेलें नाहीं. परंतु मनुष्याला जें निर्धोक तें मांजरालाहि निर्धोक, हा समज किती पोकळ आहे, हें पॅरासिटॅमॉलच्या एका उदाहरणावरूनहि कळून येतें.

ज्ञान झाल्याबरोबर उपायहि सांपडला, ही या इतिहासांतील समाधानाची बाजू होय. लिली खाल्ल्याचें तत्काळ लक्षांत आलें, तर पशुवैद्य वांती करवून व औषधी कोळसा देऊन पोटांतील विष कमी करतो आणि दोनतीन दिवस शिरेंतून सलाइन देऊन मूत्रपिंडें वाहतीं ठेवतो. हे उपचार पहिल्या १८ तासांच्या आंत सुरू झाले तर मांजर बहुधा वांचतें. लघवी बंद पडल्यावर मात्र आशा फार थोडी उरते. म्हणजे जो शांत दिवस पूर्वीं मालकांना फसवीत असे, तोच दिवस आतां जीव वांचविण्याचा दिवस ठरला. विष तेंच, मांजर तेंच. फरक पडला तो एवढाच कीं, त्या शांत दिवशीं वाट पाहत बसावयाचें नसतें, हें माणसाला कळलें.

महाराष्ट्रांतील कुटुंबांना या गोष्टींतून कांहीं बोध घ्यावयाचा असेल तर प्रथम नांवाचा घोटाळा दूर केला पाहिजे. मराठींत ‘लिली’ हा शब्द फार सैलपणें वापरला जातो. पहिल्या पावसाबरोबर वाफ्यांत उमलणारीं गुलाबी व पांढरीं लहान फुलें, किंवा बाजारांत जुड्या बांधून मिळणाऱ्या आणि हारांत गुंफल्या जाणाऱ्या लांब पांढऱ्या कळ्या, यांना लोक लिलीच म्हणतात. त्यांचें कुळ निराळें. त्यांच्या कंदांनीं वांत्या होतात, पण मूत्रपिंडांचा तो घात त्या करीत नाहींत. कुंडींत लावली जाणारी ‘पीस लिली’ हीहि खरी लिली नव्हे. तिच्या पानांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात व ते जिभेला टोंचून आग होते. घरोघरच्या मनीप्लँटचा व डिफेनबॅकियाचा दोषहि याच जातीचा. मांजर एकदां चावतें आणि पुन्हां त्याच्या वाटेला जात नाहीं. परंतु मुंबई-पुण्याच्या फुलांच्या दुकानांत पुष्पगुच्छांत जीं मोठालीं, सुवासिक, सहा पाकळ्यांचीं पांढरीं व गुलाबी फुलें आज सर्रास विकलीं जातात, ती मात्र खरी लिली होय. आणि ती वाढदिवसाच्या भेटीबरोबर कोणाच्याहि घरांत शिरूं शकते.

या फुलाशेजारीं आपल्याकडील कळलावी ठेवून पाहावी. पावसाळ्यांत कोंकणांत व सह्याद्रीच्या उतारांवर कुंपणांतून वर चढणारी, ज्वाळेसारख्या फुलांची ही वेल. आयुर्वेदानें तिची गणना उपविषांत केली आहे आणि तिच्या कंदाला हात लावूं नये, हें खेड्यांतील पोरासोरांनाहि ठाऊक असतें. अंगणांतील कण्हेरीचीहि अशीच ख्याति आहे. हृदय बंद पाडणारें तिचें विष कोणाच्या ऐकिवांत नाहीं असें नाहीं. या वनस्पतींचें विष पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या ध्यानांत राहिलें, कारण त्या मनुष्यालाहि मारतात आणि गुरांनाहि मारतात. पांढऱ्या लिलीचें विष ध्यानांत राहिलें नाहीं, कारण ती मारते तो प्राणी बोलूं शकत नाहीं आणि त्याच्या मरणानें कोणाचें शेत पडीक राहत नाहीं. एखाद्या वस्तूला विषारी म्हणतांना माणसानें आजवर ‘मला विषारी’ एवढाच अर्थ मनांत धरला होता.

ज्या घरांत मांजर आहे त्या घरांत खरी लिली असूं नये, हा या सर्व इतिहासाचा व्यवहारांतील निष्कर्ष होय. ती उंच फळीवर ठेवून भागत नाहीं, कारण मांजराला उंच असें कांहीं नाहीं; आणि परागकण तर आपोआपच खालीं गळतात. तिच्या जागीं गुलाब ठेवावा, आणि मांजरासाठीं एका पसरट कुंडींत मूठभर गहूं पेरावे. चार दिवसांत कोंवळें गवत उगवतें व मांजराचा खिडकींतल्या इतर झाडांकडचा ओढा कमी होतो. सुश्रुताच्या काळीं पक्ष्यानें घास खाऊन राजाला सावध केलें. दूरवरच्या घरांतून निमूटपणें मेलेल्या मांजरांच्या नोंदींनीं सावध केलें तें मात्र इतर मांजरांच्या पालकांना. तो इशारा ऐकूं येण्यासाठीं कोणीतरी दूरध्वनीजवळ वही घेऊन बसावें लागलें.